निवियाकची सुई हरवली नव्हती

निवियाक मला बाबा म्हणायची. मी तेवीस वर्षांचा, ती पन्नाशी ओलांडलेली, समोरचे दात कातडं चावून चावून हिरड्यांपर्यंत झिजलेले, आणि भर दुकानात हाक मारायची, "बाबा, जेवलास का?" आम्हा इन्युइटांत याचं कुणाला हसू येत नाही. माणूस गेला की त्याचं नाव पुढं जन्मणाऱ्या पोराला देतात, आणि नावाबरोबर नातीही येतात. तिचा बाप ताउतुक मी जन्मायच्या आदल्या हिवाळ्यात बर्फ फुटून समुद्रात गेला. म्हणून मी ताउतुक. मी तीन दिवसांचा असताना ती अंगठ्याएवढे बूट शिवून घेऊन आली आणि मला मांडीवर घेऊन म्हणाली, "आलास बाबा? फार वाट बघायला लावलीस." तेव्हापासून तिच्या घरी सील कापला की काळजाचा पहिला तुकडा माझा. मी तिला पोरी म्हणायचो.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं मी जे केलं ते कुणा परक्या बाईशी नाही केलं. बापानं लेकीशी केलं. लोक म्हणतात, जुनं झालं, सोड आता. ज्याचं जळतं त्याला कळतं, यांना काय जातं म्हणायला.

निवियाक शिवायची. तिच्या आयुष्यात दुसरं फारसं काही नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. पण वस्तीतले निम्मे पुरुष शिकारीवरून धड घरी यायचे ते तिच्या टाक्यांच्या जोरावर. बुटाला टाका घालताना तिची सुई कातड्याच्या जाडीतून अर्धीच जायची, आरपार नाही, म्हणून तिच्या बुटात पाणी शिरायचं नाही. तिच्याकडे पोलादी सुया तीन. शिवणं संपलं की त्या तळहातावर घ्यायची, एक, दोन, तीन म्हणायची आणि डबीत घालायची. घरात कुणी मरायला टेकलं असतं तरी तिनं आधी सुया मोजल्या असत्या. कपड्यात विसरलेली सुई आमच्याकडे थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. बधिर झालेल्या हातानं अंगरखा ओढताना ती कुठं घुसेल सांगता येत नाही, आणि पाठीवरच्या बाळाच्या टोपीत राहिली तर मग बोलायलाच नको. जी बाई सुया हरवते तिच्याकडे कुणी कातडं घेऊन जात नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. एप्रिलमध्ये, सूर्य परत आल्यावर, एक गोरा साहेब विमानातून उतरला. त्याच्या पेटीत होकायंत्रासारखी एक सुई होती. आडवी फिरणारी नव्हे, वर-खाली मान हलवणारी. म्हणून आम्ही त्याला सुईवाला म्हणायचो. मी लहानपणी क्षयाच्या दवाखान्यात दोन वर्षं दक्षिणेत काढली होती, तिथं इंग्रजी शिकलो. त्यामुळे वाटाड्या मी आणि दुभाषाही मीच. साहेबाच्या अंगावरचे कपडे बघून निवियाक म्हणाली, "हा माणूस दोन दिवसांत मरेल, बाबा. मी येते." मग कुत्र्यांच्या दोन गाड्या केल्या. एक मी हाकायचो, एक ती.

चौथ्या मुक्कामाला तंबूत चहा पिताना साहेब रंगात आला. निवियाकच्या पुढ्यातला दोऱ्याचा गुंडा त्यानं उचलला आणि बोटांत धरून गरागरा फिरवला.

"ताउतुक, तिला सांग, ध्रुव एक नसतो. पृथ्वी अशी फिरते. ज्या टोकावर ती फिरते तो पहिला ध्रुव. नकाशावरच्या सगळ्या उभ्या रेघा तिथं जाऊन मिळतात. तो जागचा हलत नाही."

मी सांगितलं. निवियाक दोऱ्याकडे बघत होती, गुंता होतो की काय म्हणून.

"त्याच टोकातून आभाळात सरळ काठी लावली तर ती जिथं लागेल तो दुसरा. आभाळाचा ध्रुव. सगळे तारे त्याच्याभोवती फिरतात. त्याच्या अगदी शेजारी तुमचा तो तारा आहे."

"न हलणारा?" निवियाक म्हणाली. "तो असून नसून सारखाच. इथं तो डोक्यावरच येऊन बसतो. बघायला गेलं तर मान मोडते. वाट विचारायची तर टोपीला विचारावी, तसं आहे ते." खरंच आहे. आम्ही वाट काढतो ती बर्फाच्या कडक जिभांवरून. वायव्येचा वारा हिवाळाभर त्या एकाच दिशेनं घडवतो, आणि त्यांना काटकोनात चाललो की तिरके चाललो हे पायांना कळतं.

"आणि तिसरा," साहेब म्हणाला, "लोहचुंबकाचा. जिथं माझी सुई डोकं खाली घालून ताठ उभी राहते तो. मी त्याच्यासाठी आलोय. तो दर वर्षी जागा बदलतो. गेल्या वेळी होता तिथं आता नाही."

"कुणाच्या मागं चाललाय?" निवियाकनं विचारलं.

"ते त्यालाही माहीत नाही, पोरी."

"मग दोघं जागेवर बसलेत त्यांना सोडून हा त्या पळणाऱ्याच्या मागं कशाला लागलाय? याची बायको पळून गेली असेल."

मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब इतका हसला की चहा त्याच्या मांडीवर सांडला. मग म्हणाला, "तिला सांग, दोन वर्षं झाली." तेव्हा कुठं आम्हाला कळलं की खरंच गेली होती. निवियाकनं त्याला आपल्या वाटणीची भाकरी दिली. सांगायचं ते हे की त्या दिवसापर्यंत माझ्या तोंडातून जे जायचं ते खरं जायचं.

पाचव्या मुक्कामाला साहेब म्हणाला, आता आपण त्याच्या अगदी जवळ आहोत. तिथं त्यानं नियम घातला. इतर ठिकाणी जमीन सुईला आडवं ओढते, जोरात. इथं सगळी ओढ खाली. आडवी ओढ इतकी दुबळी की जवळ नुसता चाकू असला तरी सुई त्याचं ऐकेल. म्हणून बंदूक, कुऱ्हाड, भांडी, गाड्यांच्या लोखंडी पट्ट्या, सगळं दोनशे पावलांवर. निवियाकनं त्याचं सांगणं पुरतं व्हायच्या आत सुयांची डबी गाडीवर नेऊन ठेवली आणि झोळीतून हाडाची सुई काढली, तिच्या आजीच्या वेळची. साहेबानं मला विचारलं, "तुझं?" मी म्हणालो, "सगळं गाडीवर." त्यानं माझ्या हातात हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तंबूच्या मागं अस्वलाच्या पायांचे ठसे दिसले. ताजे, आणि बाजूनं लहान ठसे. पिल्लू होतं बरोबर. आता तुम्ही सांगा. पिल्लाची आई दोनशे पावलं किती वेळात तोडते ते काही साहेबाच्या वहीत लिहिलेलं नसतं. आमच्यातला कुणी बाप्या अशा ठिकाणी बंदुकीवरचा हात सोडत नाही, आईच्या दुधाबरोबर शिकलेली गोष्ट आहे ती. साहेबाच्या यंत्राभोवती मी बर्फाच्या ठोकळ्यांची गोल भिंत बांधली होती. मी बंदूक सीलच्या कातड्यात गुंडाळून त्या भिंतीत सरकवली आणि वर नवा ठोकळा बसवला. यंत्रापासून चार पावलं असेल.

साहेबाला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीसुद्धा नाही. त्यानं तळ हलवला असता. पण "सगळं गाडीवर" म्हणून हात मिळवलेला, आणि तेवीस वर्षांच्या माणसाला "साहेब, मला भीती वाटते" म्हणायला जड जातं. मी मनाशी म्हटलं, बर्फात गुंडाळलेल्या बंदुकीनं काय होतंय. तीन दिवस साहेब भिंतीआड बसून आकडे लिहीत होता आणि मी भिंतीला टेकून पहारा देत होतो. अस्वल काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब बाहेर आला तो वही मिटूनच. आकडे जुळत नव्हते. आधीच्या मुक्कामांवरून जे यायला हवं ते येत नव्हतं, सुई भलतीकडेच मान टाकत होती. आणि वस्तीत विमान गाठायचं तर उद्या परत निघायलाच हवं होतं. त्या माणसानं तीन वर्षं पत्रं लिहून ही एक फेरी मिळवली होती. तो तंबूत गेला तेवढ्यात मी बंदूक काढली आणि गाडीवर नेऊन टाकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी धावत गेलो आणि धावत आलो. मग तंबूत शिरलो.

साहेब शांतच होता. म्हणाला, "कुणाजवळ तरी लोखंड होतं, ताउतुक. तिनं काल माझी बाही शिवली. तिला विचार, सुई माझ्या अंगरख्यात राहिली का."

मी विचारलं. निवियाक त्याचाच हातमोजा शिवत होती. तिनं हाडाची सुई वर करून दाखवली. "माझ्या तिन्ही सुया गाडीवर डबीत आहेत. इथं आल्यापासून मी हीच वापरते. त्याला डबी आणून दाखव, बाबा, म्हणजे त्याच्या जिवाला बरं वाटेल."

मी साहेबाकडे वळलो आणि म्हणालो, "ती म्हणते, एक सुई सापडत नाही. कदाचित तुमच्या बाहीत राहिली असेल."

जिभेला हाड नसतं म्हणतात. मी ते वाक्य ठरवून बोललो असं नाही, आणि चुकून बोललो असंही नाही. ते तोंडात तयार होतं.

साहेबानं दोन्ही बाह्या चाचपल्या, कोपरापासून मनगटापर्यंत, मग गळा, मग टोपीची कड. काही सापडलं नाही. "पडली असेल बर्फात," तो म्हणाला. "तिला सांग, मी रागावलेलो नाही." मी निवियाकला सांगितलं, "साहेब म्हणतो, ठीक आहे." तिनं त्याच्या बाह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातमोजा पुढं शिवायला घेतला.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी ते गिळलं असतं. पण घरी आल्यावर दुकानात सगळ्यांनी घेरलं. साहेब असा तोंड पाडून का गेला? आणि मी सांगितलं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. "निवियाकची सुई हरवली, साहेबाचा ध्रुव चुकला." कुपाक म्हणून आमच्याकडे एक तोंडाळ माणूस होता, तो लगेच म्हणाला, "म्हणजे आपल्या निवियाकनं ध्रुव हलवला म्हणायचा." दुकान हसून लोटपोट झालं. मी पण हसलो. त्या दिवसापासून तिनं शिवलेलं काही कुणाच्या अंगावर दिसलं की म्हणायचे, "आधी झटक रे, नाहीतर ध्रुव मागं येईल."

आमच्याकडे कुणी भांडत नाही, थट्टा करतात. भांडण परवडलं. आधी तरण्या आयांनी बाळांची झबली तिच्याकडे देणं बंद केलं. मग बूट गेले, मग अंगरखे. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांनी दुसरी बाई नेली. निवियाककडे कुत्र्यांचे पट्टे आणि तंबूची ठिगळं तेवढी राहिली. तिनं कधी कुणाला उलटून एक शब्द विचारला नाही. माझे कपडे मात्र तीच शिवायची. "बाबाला उघडं कसं ठेवायचं," म्हणायची, आणि मी ते घालायचो. ऊब यायची, हे सांगायलाही मला लाज वाटते.

एका नाताळला सभागृहात सगळी वस्ती जमली होती. तिनं माझ्यासाठी कॅरिबू हरणाच्या कातड्याचा नवा अंगरखा आणला, कडेला पांढऱ्या केसांची पट्टी. वर्षभर खपली असणार, तेव्हा तिचे डोळे जायला लागले होते. मी तो हातात घेतला आणि कुपाक मागून ओरडला, "झटक आधी, ताउतुक." सगळे हसले, पोरंसोरंसुद्धा. निवियाक माझ्यासमोर उभी होती. तिच्या सुया तीनच्या तीन आहेत हे त्या सभागृहात मला एकट्याला माहीत होतं. आणि मी तो अंगरखा दोन्ही हातांनी धरून झटकला. दोनदा झटकला, कारण पहिल्या वेळी हशा बरा मिळाला. ती म्हणाली, "लांबीला बरोबर झालाय का बघ, बाबा." मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, पण मी मेलो नाही. जेवायला बसलो.

असं सव्वीस वर्षं चाललं. ती ऐंशीची झाली, अंथरुणाला खिळली, तेव्हा एकदा दुपारी मी तिच्याकडे गेलो. बाकीच्यांना बाहेर पाठवलं. सगळं सांगितलं. बंदूक, भिंत, बाही. सांगताना मी तिच्या पायांकडे बघत होतो.

"बंदूक मी पाहिली होती," ती म्हणाली. "जुन्या ठोकळ्यांत एक नवा ठोकळा. मी काय आंधळी होते तेव्हा? आणि साहेब बाह्या चाचपायला लागला तेव्हा तू काय बोललास तेही कळलं."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"कुणाला बोलू? साहेबाला माझं बोलणं जायचं ते तुझ्याच तोंडातून." तिनं पांघरूण वर ओढलं. "आणि इथं वस्तीत बोलायचं तर बापाला चारचौघांत खोटं पाडायचं. ते मला जमलं नाही. मला वाटलं, बाबा सांगेल. या नाताळला सांगेल, पुढच्या नाताळला सांगेल."

मला रडू आलं. तिला त्याचं काही नव्हतं. म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मला माहीतच आहे. त्यांना सांग. बंदुकीचं नको सांगू हवं तर. निवियाकची सुई कधी हरवली नव्हती, एवढंच सांग. मी असताना सांग."

मी हो म्हटलं. रविवारी देवळात सांगतो म्हटलं. रविवारी वारा सुटला, देऊळ भरलं नाही. पुढच्या रविवारी कुपाकच्या सुनेचं बाळंतपण होतं, म्हटलं आनंदाच्या वेळी नको. हा माझा स्वभाव. त्याच्या पुढच्या गुरुवारी निवियाक गेली.

तिला दगडांखाली ठेवून आल्यावर सगळे सभागृहात चहाला बसले होते. मी उठलो. या वेळी मी काही शिल्लक ठेवलं नाही. अस्वलाचे ठसे सांगितले, भिंतीतली बंदूक सांगितली, साहेबाला खोटं काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. अंगरखा का झटकला ते सांगितलं. "तिची सुई कधी हरवली नव्हती. ध्रुव मी चुकवला," म्हणालो. "तुम्ही तिला हसत होतात ते मला हसायला हवं होतं."

मला वाटलं, आता थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं. मग कुपाकच, तोही आता म्हातारा झालेला, डोळे पुसत उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा रे. बाप म्हणतात तो याला. लेकीची लाज स्वतःच्या अंगावर घेतोय."

"मी खरं सांगतोय, कुपाक."

"हो, हो. बापानं असंच बोलायचं असतं."

बायका रडायला लागल्या. एक म्हणाली, गेलेल्या माणसासाठी कोण करतं एवढं आजकाल. दुसरी म्हणाली, एका सुईचं काय घेऊन बसायचं, बिचारीच्या हातून झालं असेल, आता कुणी तिला हसायचं नाही. निवियाकनं सुई हरवली यात कुणाला तसूभर शंका नव्हती. सव्वीस वर्षं मीच तर सांगत होतो त्यांना. मी तिच्या नावावर काय बोललो ते सांगणारा साहेब केव्हाच मेला होता, आणि दुसरी साक्षीदार आम्ही नुकतीच पुरून आलो होतो.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आवाज चढवून. त्यांनी मला धरून खाली बसवलं आणि आणखी चहा आणून दिला.